दहा बाजारांचा उन्हाळा

चैत्र लागला, की आमच्या घरातली माणसं माझ्यापासून जरा लांबच राहतात. मी कैऱ्या चिरते, पापडाचं पीठ तिंबते, गाद्यांना ऊन दाखवते, शहाण्या बाईचे सगळे उद्योग करते; पण मधेच कशावरून तरी बिनसतं आणि मग पातेली आपटली जातात. सुना एकमेकींकडे बघतात. "आत्याबाईंना ऊन बाधतं," असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं आहे. मला ऊन काय बाधणार! परभणीच्या उन्हात पन्नास वर्षं वाळलेली मिरची आहे मी. मला बाधतं ते पाणी.

परवाचीच गोष्ट. थोरल्या मुलानं नातवाला मळ्यातल्या विहिरीवर पोहायला नेलं. पोराच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधला, कमरेला दोर लावला, आणि दोन तास बाप-लेकांनी विहीर डोक्यावर घेतली. नात त्याच्याहून दीड वर्षानं मोठी. तीही गेली होती. संध्याकाळी मी तिला विचारलं, "तू नाही का उतरलीस?" तर म्हणाली, "मी कपडे राखले ना, आजी!" हे तिनं इतक्या आनंदानं सांगितलं, की माझ्या हातातली पळी चुलीत पडली. मुलाला बोलावून घेतलं आणि बोलले. काय बोलले ते छापण्यासारखं नाही. तो हसून म्हणाला, "आई, तू तर दोन पुरुष खोल पाण्यातून इष्टलिंग काढलंस. तुला कुणी अडवलं होतं?"

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. लग्नात, बारशात, पाहुणे जेवून सुपारी कातरत बसले की कुणीतरी म्हणतंच, "आईची बारवेची गोष्ट होऊ द्या." आणि मीही आढेवेढे घेत सांगते. गोष्टी सांगण्यात मी पटाईत आहे. इतकी, की वीस-बावीस वर्षं ही गोष्ट सांगताना एकदाही माझी जीभ अडखळली नाही. तिचीच मला आता चीड येते.

निजामाचं राज्य होतं. पोलीस ॲक्शनला अजून चार-पाच वर्षं अवकाश होता. आमचं गाव ताडकळसपासून दोन कोसांवर. आम्ही लिंगायत वाणी, घरचं किराण्याचं दुकान. सासूबाई वारल्या होत्या, म्हणून घरातली थोरली बाई मी, वय तीस आणि वजन विचारू नये. माझ्यामागे धाकटी जाऊ नीला. वर मामंजी, म्हणजे आमचे सासरे, ज्यांचा शब्द घरातही चालायचा आणि चावडीवरही.

गावाला पाणी एकाच बारवेचं. तीन बाजूंना ताशीव दगडांच्या उभ्या भिंती, चौथ्या बाजूला खाली उतरत गेलेल्या पायऱ्या. दिवाळीला पाणी वरच्या पायऱ्यांना लागलेलं असायचं. माघ-फाल्गुनात ते पायरी पायरीनं खाली सरकायचं, आणि नव्यानं उघडी पडलेली पायरी नेहमी शेवाळानं हिरवी. म्हणजे उन्हाळा जितका कडक, तितकं आम्ही खोल उतरायचं, तितक्या निसरड्यावर उभं राहायचं आणि भरलेली घागर घेऊन तितकंच वर चढायचं. दिवसाला चार-चार खेपा. गावात या पाण्याशी सर्वांत जास्त गाठ कुणाची? बायकांची. आणि पोहायला कुणाला येत होतं? गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांना, ज्यांनी उभ्या जन्मात एक घागर भरली नव्हती. सकाळी ऊन वर आलं, की हे सगळे लंगोट लावून बारवेत. मुटके काय, सूर काय! आमचे मालक तर उताणे तरंगत पान चघळायचे. पुरुषांचं पोहणं चालू असलं की आम्ही वर ताटकळायचं, आणि एखादा उगीच जास्त वेळ डुंबला तर त्या दिवशी भाकऱ्यांना उशीर झाला म्हणून तोच ओरडायचा.

आणखी एक सांगितलं पाहिजे, नाहीतर माझा राग फार सोवळा दिसेल. वर कठड्यापाशी महारवाड्यातल्या बायका रिकामी मडकी घेऊन बसायच्या. त्यांना पायरीवर पाय ठेवायचीच बंदी. कुणी वरून ओतलं तर त्यांचं मडकं भरणार. मी ओतायची, पण घाईत असले तर नाही ओतायची. त्यांना ताटकळायला लागतं याची मला कधी चीड आली नव्हती. माझी चीड माझ्या घागरीपुरती होती.

आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या घरची सून बारवेत गेली. कमळ तिचं नाव, वय एकोणीस. शेवाळावरून पाय सटकला आणि घागरीसकट ती आत. आम्ही तिघी पायरीवर होतो. ती आमच्यापासून दोन हातांवर होती. दोन हात! मी पदर फेकला, तो पाण्यावर पसरला आणि तिच्या हाताला लागला नाही. ती वर यायची, आमच्याकडे बघायची, खाली जायची. आम्ही तिघी धडधाकट बाया ओरडत राहिलो. बाजाराचा दिवस होता, पुरुष सगळे ताडकळसला. थोड्या वेळानं पाणी सपाट झालं. आमचं ओरडणं त्याच्यानंतरही चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला पोलिसांचा अमीन आला, पाटलाकडे जेवला, आणि पान लावता लावता आम्हाला विचारलं, "सास से झगडा था क्या?" मी म्हटलं, शेवाळ होतं, पाय घसरला. त्यानं ऐकलं आणि पुन्हा तेच विचारलं. बाई पाण्यात गेली म्हणजे ती आपणहून गेलीच असणार. पडली असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं. पुरुष पाण्यात पडला तर पोहून वर येतो आणि कपडे बदलतो. बाई पडली, की तिच्या सासूची चौकशी होते.

गावात गोदा नावाची भोईण होती. माहेर पूर्णेच्या काठाचं, नवरा वारलेला, फुटाणे भाजून विकायची. ती दारावर आली तेव्हा मी कमळचं सांगू लागले आणि रडू लागले. गोदा टोपली खाली ठेवून म्हणाली, "तिघी तिघी उब्या व्हत्याव, आन् लेकरू डोळ्याम्होरं गेलं. थू!" आणि ती खरोखरच थुंकली, आमच्या सारवलेल्या ओट्याच्या कडेला.

"मग काय करणार होतो आम्ही? पवायला येतंय का आम्हाला?"

"न्हाई येत तर शिका. रडू नका. रडून नुस्तं पानी वाढायलंय."

माझा तेव्हा संताप झाला. वाण्याच्या ओट्यावर बसून भोईण मला शिकवते! मी तिला त्या दिवशी फुटाण्याबद्दल जोंधळे घातले ते मूठभर कमीच घातले. पण वर्ष उलटून पुन्हा चैत्र आला, पाणी खाली सरकलं, हिरव्या पायऱ्या उघड्या पडल्या, आणि मी घागर घेऊन त्या पायरीवर उभी राहिले तेव्हा घागर न भरताच वर आले. मी आपण होऊन गोदाच्या घरी गेले.

"शिकवते की," ती म्हणाली. "पर वखत कोनता? सकाळच्याला गडी, दुपारच्याला गुरं, सांजच्याला पानी भरायचं."

बारवेचा सगळा दिवस वाटून गेलेला होता. बैलांना वेळ होती, म्हशींना होती. आम्हाला उरला तो एकच, बाजाराचा दिवस. सकाळी गाड्या ताडकळसला निघाल्या, की त्या परतेपर्यंत गावात उरायचे ते म्हातारे, आणि ते दुपारी निजायचे. आठवड्यातून एक दुपार. मी बोटांवर मोजलं: मृग लागेपर्यंत दहा बाजार. दहा दुपारींत काय ते शिकायचं.

आम्ही सहा जणी जमलो. मी, नीला, चंद्रा कुंभारीण आणि आणखी तिघी. नीलाची मुलगी तीन महिन्यांची; तिला कठड्यावरच्या लिंबाखाली झोळीत टांगायचं आणि झोळी हलवायला चंद्राची सासू. या म्हातारीला दिसायचं अगदी कमी, तरी पहाराही तिचाच. घुंगरांच्या आवाजावरून ती कुणाची गाडी, किती लांब, ते सांगायची.

पोहायला शिकायचं म्हणजे पाठीला वाळका भोपळा बांधायचा, ही रीत. मी चुलीवर टांगलेला बियाण्याचा मोठा भोपळा काढला आणि घाईत बिया काढायच्या राहिल्या. पहिल्या दिवशी मी पाण्यात हात मारले, की भोपळा खुळखुळ वाजायचा. तान्ही पोर झोळीतून हसायला लागली. गोदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वाणीन, तुमी पवायलाव का वाजवायलाव?" चंद्रा हसता हसता पाणी प्याली. मी भोपळ्याच्या जिवावर पाण्यावर लोंबकळत होते, पाय खाली कुठंच टेकत नव्हते, आणि माझं सगळं अंग भीतीनं आखडलेलं होतं. पण तळहाताखालून पाणी सरकलं आणि मी वीतभर पुढे गेले, ते मला अजून आठवतं. त्याआधी ते पाणी फक्त डोक्यावरून वाहून न्यायचं ओझं होतं.

दुसरा बाजार, तिसरा, चौथा. पाणी वरती कोमट आणि पायाशी गार, हे मला तिशीत कळलं. दगडांच्या सांदीतून साळुंक्या उडायच्या. भिजलेली लुगडी कठड्यावर वाळत पडायची आणि परत नेसताना उन्हानं चटके बसायचे. गोदा पायरीवरून हुकूम सोडायची: "मान वर! पाय हाना! पाटलाच्या डोस्क्यात हानायले असं समजा!" आम्ही हाणायचो. पाचव्या बाजारी नीलानं आणि चंद्रानं भोपळा सोडला. नीला बारीक, माशासारखी सुळकन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची आणि भिंतीला हात लावून मागं वळून हसायची. मी भोपळ्यासकटच राहिले. त्याच्याशिवाय मी सरळ तळाशी जायची. गोदा म्हणायची, "तुमच्यासाटी पुडल्या वरसी आनखी दहा बाजार लागतेन."

आमच्या मालकांना हे कळलं होतं. माझे केस ओले बघून त्यांनी एकदा भुवया वर केल्या आणि म्हणाले, "मला काही ठाऊक नाही." यालाच मी तेव्हा पाठिंबा समजले.

आता लिंगाचं. आम्हाला लहानपणी दीक्षा मिळते आणि गळ्यात इष्टलिंग येतं, आमचं चांदीच्या छोट्या डबीत असायचं. ते अंगावरून क्षणभरही दूर करायचं नाही. अंगावर लिंग नसेल तर अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही. पोहताना नीलाच्या गळ्यातली डबी उसळून तोंडावर आपटायची. मी थोरली, शहाणी. मी म्हटलं, "दंडाला बांध. नाभीच्या वर कुठंही चालतं." हे शास्त्र माझंच, दीक्षा देणाऱ्या स्वामींना काही विचारलं नव्हतं. तिनं दंडाला बांधलं, लग्नातल्या खणाच्या रेशमी पट्टीनं. सुती चिंधी भिजली की गाठ घट्ट बसते. रेशमाची गाठ पाण्यात सरकते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लक्षात आलं नाही.

सातव्या बाजारी बारवेच्या मधोमध नीला थांबली. दंड चाचपला. तिचा चेहरा असा झाला, की मला वाटलं ती बुडते आहे. "वैनी, लिंग," एवढंच म्हणाली.

गोदानं बुडी मारली. वर आली, हात रिकामे. पुन्हा मारली. दोन पुरुष पाणी आणि तळाला गाळ. तिसऱ्यांदा तिनं श्वास घेतला आणि वरून म्हातारी ओरडली, "पाटलाच्या बैलाची घुंगरं! वड्याजवळ आली!" आणि आम्ही पळालो. मी हे पुन्हा लिहिते, कारण घरी गोष्ट सांगताना हे मी नेहमी गाळते. लिंग तळाशी होतं आणि आमची वेळ संपली म्हणून आम्ही पळालो. लुगडी गुंडाळली, पोर काखोटीला मारली आणि गाड्या वेशीत शिरेपर्यंत सहाही जणी आपापल्या चुलीशी.

रात्री नीला जेवली नाही. पाणीही प्याली नाही. मी मामंजींना सगळं खरं सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. तेवढं केलं असतं तर बरं झालं असतं.

"स्वामींना सांगावा धाडतो. परवा येतील, नवं लिंग देतील. तवर हिनं आत खोलीत पडून ऱ्हावं."

"मामंजी, अंगावर पाजती बाई हाय. हा वैशाख. परवापर्यंत पान्याबिगर?"

"आमच्या आज्जीनं तीन दिवस काढले व्हते. असं कुनी मरत नसतंय."

"गड्यांना उतरवा की बारवेत. पानी भरताना पडलं म्हना."

"पायरीवरून पडलेली चीज पायरीपाशी घावती. मधोमध कशी गेली, लोक इचारतील. वाण्याची सून भोपळे बांधून पवायली, म्हनून सांगू? घराची इज्जत हाय का न्हाई?"

नीलाचा नवरा उंबऱ्यात उभा होता. त्यानं मामंजींकडे पाहिलं, नीलाकडे पाहिलं, आणि दुकानाला कुलूप लावलं की नाही ते बघायला निघून गेला. आमचे मालक खांबाला टेकून बसले होते. त्यांना काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसाचं ऊन मला अजून दिसतं. खोलीच्या झरोक्यातून ते भिंतीवरून इंच इंच सरकत होतं आणि नीला त्याच्याकडे बघत पडली होती. ओठांना सालं आलेली. पोर छातीशी तोंड लावायची, ओढायची आणि चिडून किंचाळायची. मी तिला बोटानं शेळीचं दूध चाटवलं. ते तिनं थुंकून टाकलं. माजघरात रांजण पाझरत होता. त्याखालच्या ताटलीत थेंब पडायचा, टप्. मी रांजणाखाली फडकं घातलं, आवाज होऊ नये म्हणून. मी नीलाला म्हटलं, "पी. मी कुणाला सांगत नाही." ती म्हणाली, "मला तर कळंल ना, वैनी." तिची श्रद्धा खरी होती. तिच्यावर माझा राग नाही. ज्यांच्या तोंडी धर्म होता आणि मनात फक्त लोक काय म्हणतील एवढंच होतं, त्यांच्यावर आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळीही स्वामींचा पत्ता नव्हता. पोरीच्या रडण्याचा आवाज घोगरा झाला, आणि मग बंद झाला. ती नुसतं तोंड उघडायची. माझ्या डोक्यात काय झालं ते सांगता येत नाही. मी कोपऱ्यातला भोपळा उचलला, भर रस्त्यानं गोदाच्या घरी गेले, तिला हाताला धरून ओढलं आणि बारवेवर आले. ऊन वर आलेलं. म्हणजे पुरुषांची वेळ. आठ-दहा जण पाण्यात होते. पाटलाचा भाऊ पायरीवर अंग चोळत बसलेला. आमचे मालक उताणे.

"बाहेर व्हा!" मी ओरडले. तीस वर्षांच्या आयुष्यात परपुरुषासमोर माझा आवाज पदराबाहेर आला नव्हता. तो बारवेच्या भिंतींवर आपटून दुप्पट होऊन परत आला. आमचे मालक दचकले आणि नाकातोंडात पाणी जाऊन पायरीकडे हात मारू लागले.

पाटलाचा भाऊ हसला. म्हणाला, "आज कुठं बाजार हाय, वैनी?"

आणि बाकीचेही हसले.

एवढं एक वाक्य. त्यांना माहीत होतं. सगळ्यांना, पहिल्या बाजारापासून. कुठल्या दुपारी, किती जणी, कुणाचा भोपळा वाजतो, सगळं. त्यांनी आम्हाला एक दुपार दिलेली होती, गुरांना देतात तशी, आणि आम्हाला वाटत होतं की ती आम्ही चोरली. मग खोलीत ती पोर आणि तिची आई कुणापासून लपवून वाळवली जात होती? जे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, ते कुणाला कळू नये म्हणून?

मी पायरीवरची लोटी उचलून पाटलाच्या भावाच्या दिशेनं भिरकावली. नेम चुकला. माझा नेहमीच चुकतो. पण ते सगळे बाहेर आले आणि पायऱ्यांवर भिंतीला लागून ओळीनं उभे राहिले, अंगावरून पाणी निथळत. मी भोपळा बांधून पाण्यात शिरले. गोदानं पदर खोचला, सूर मारला आणि दिसेनाशी झाली.

पहिल्या बुडीत तिच्या हाताला खापरं आली. किती उन्हाळ्यांतली, कुणाकुणाच्या हातून सुटलेली मडकी होती ती. दुसऱ्या बुडीत नुसता गाळ. तिसऱ्या वेळी ती इतका वेळ वर आली नाही, की भिंतीजवळचा एक जण पुढे झाला. मग माझ्या पायाशी पाणी हललं. पाण्याखाली कुणीतरी माझी मूठ उघडली, काहीतरी गार चौकोनी आत ठेवलं आणि मूठ मिटली. गोदा माझ्या कानाशी वर आली आणि धापा टाकत कुजबुजली, "तुमी काडलं म्हना. भोयनीचा हात लागला म्हनलं तर स्वामी येईस्तवर पुना पानी न्हाई तिला. वाट बगू नका, हात वर करा!"

मी हात वर केला.

"वाणिणीनं काढलं!" कुणीतरी ओरडलं. लिंगाची डबी माझ्या हातात आणि पाठीवर हा एवढा भोपळा! तिथं उभे असलेले सगळे जन्मभर त्या पाण्यात पोहलेले. भोपळा बांधून बुडी मारता येत नाही हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला कळत होतं. कुणी एक शब्द काढला नाही. आमचे मालकही नाही. सगळ्यांनाच ते सोयीचं होतं, आणि सर्वांत जास्त मला.

मी तशीच निथळत घरी धावले. नीलानं डबी पाहिली, उठून बसली. मी म्हटलं, "आधी पाणी पी." तिनं मान हलवली. लिंग धुतलं, तळहातावर घेतलं, डोळे मिटले. "दोन दिवस थांबले, दोन पळं थांबते की," म्हणाली. मग डबी गळ्यात बांधली आणि तांब्या तोंडाला लावला. ते पाणी घशातून उतरताना मला ऐकू येत होतं. दारात मामंजी उभे होते. ते म्हणाले, "शिवाची कृपा!"

त्याच संध्याकाळी चावडीवर त्यांनी माझी गोष्ट सांगितली. थोरल्या सुनेनं दोन पुरुष पाण्यातून लिंग काढलं. आणि त्याच बैठकीत ठरलं, की बायकांनी बाजारच्या दिवशी बारवेत उतरायचं नाही, ही सगळी भोईणीची फूस. इकडे मी सती-सावित्री झाले आणि तिकडे गोदाचे फुटाणे कुणी घेईना. ती टोपली घेऊन आमच्या दारावरून दोनदा गेली. मी आत होते. मला तिचा आवाज आला होता. मीही घेतले नाहीत. मृग लागायच्या आत ती गाव सोडून पूर्णेकाठी माहेरी गेली. दहापैकी तीन बाजार उरले होते. त्या तिन्ही दुपारी आम्ही सहाही जणी घरात बसलो, आणि बारव रिकामी होती.

तर हे मी माझ्या हातानं लिहून ठेवते. लिंग गोदानं काढलं. मी नाही. मी भोपळ्याला लटकून हात वर केला, एवढंच माझं कर्तब. मुलांनो, पुढच्या लग्नात ही गोष्ट सांगायची असेल तर अशी सांगा, नाहीतर सांगू नका.

निजाम गेला, चावडीवर झेंडा लागला, मामंजीही गेले. त्यांना जाऊन वर्ष झाल्यावर मी गोदाला शोधत गेले. नदीच्या वरच्या अंगाला तिचं खोपट होतं. दारात भट्टी, कढईत तापलेली वाळू, वाळूत हरभरे. ती म्हातारी झाली होती, पण दंड तसेच. तिनं मला ओळखलं आणि बसायला पोतं टाकलं. मी वाटभर जुळवून आणलेलं सगळं बोलले. माझं चुकलं, नाव तुझं व्हायला हवं होतं, माझं झालं, मी सर्वांना खरं सांगणार आहे. ती झारा फिरवत ऐकत होती.

"नाव घिऊन काय करू मी?" ती म्हणाली. "बाया पवायल्यात का?"

मी म्हटलं, "न्हाई."

"नीलाबाई?"

"न्हाई. तवापासून न्हाई."

"तिची पोरगी? ती झोळीतली?"

"न्हाई."

"तुमी?"

मी मान हलवली. हरभरे तडतडत होते. तिनं कढई उतरवली, वाळू चाळली, फुटाणे सुपात ओतले. माझ्याकडे पाहिलं. थुंकली नाही.

"मंग कशाला आलाव?"